बर्फातल्या आईचा आवाज

टेक छान चालला होता आणि पत्र्यावर नारळ पडला.

"गेला," नितेश म्हणाला. नितेश आमचा साउंड रेकॉर्डिस्ट. पोयनाडच्या बाजूचा, घरची भातशेती. "मॅडम, माइकनं नारल धरलाय. न्हाय चालणार."

"धरणारच. तिकडे बर्फ पडतोय आणि त्यात हा नारळ," मी म्हटलं आणि काचेपलीकडे बसलेल्या फिलोमिना टीचरना खूण केली. परत घेऊ या.

टीचरनी पदराने मान पुसली. ऑक्टोबर होता. रेकॉर्डिंग चालू असताना एसी बंद ठेवावा लागतो, नाहीतर त्याची घरघर आवाजात उतरते. पडद्यावर मात्र लोकरी टोपी घातलेली एक गोरी आई खिडकीपाशी फोन धरून उभी होती. बाहेर बर्फ, मागे दिव्यांनी मढवलेलं झाड. त्या आईचा मराठी आवाज टीचरना द्यायचा होता.

मी डबिंग डायरेक्टर. दुसऱ्या भाषेतला सिनेमा आपल्या भाषेत बोलता करायचा, हे माझं काम. मराठी संवाद मीच लिहिते आणि आर्टिस्टकडून बोलूनही मीच घेते. आयुष्य अंधेरीत गेलं. मग सासऱ्यांची नागावची वाडी सांभाळायची वेळ आली, तेव्हा सुपारीच्या कोठीला आतून गाद्या आणि फोम ठोकून स्टुडिओ केला. मुंबईचे लोक रो-रो बोटीने मांडव्याला उतरतात, मासे खातात आणि मग कामाला येतात. क्रम हाच.

हा सिनेमा टीव्हीसाठीच काढलेला ख्रिसमसचा प्रेमपट होता. असले मी बरेच केलेत. गोष्ट एकच. शहरात मोठ्या हुद्द्यावर असलेली मुलगी डिसेंबरात गावी जाते. तिथे तिचा जुना मित्र असतो. तो सुतार तरी असतो, नाहीतर बेकरीवाला. दोघांत कसला तरी गैरसमज. शेवटच्या पाच मिनिटांत बर्फ पडतो, गैरसमज मिटतो आणि एक चुंबन, तेही तोंड मिटून. सगळ्यांचे स्वेटर नवेकोरे. बेकरीवाल्याच्या हाताला कधी पीठ लागत नाही. बोलताना कोणाच्या तोंडातून वाफ येत नाही, म्हणजे शूटिंग भर उन्हाळ्यात झालंय आणि बर्फ कापसाचा आहे. अख्ख्या गावात म्हातारं माणूस खोकत नाही. आणि तो गैरसमज! एका फोनने मिटला असता. पण तेवढी अक्कल कोणाला असती तर सिनेमा दीड तास चालला असता कसा?

हे सगळं खरं. आणि दर वेळी मी रडते, हेही खरं. शेवटी आई दार उघडते, दारात मुलगी बॅग घेऊन उभी असते आणि मी इकडे रुमाल शोधते. नितेश मुद्दाम दुसरीकडे बघतो. अगं बाई, तुला त्या बर्फातला कापूससुद्धा दिसतो, मग रडतेस कशाला, असं मी स्वतःला किती वेळा विचारलंय. कारण एकच आहे. त्या गावात सगळे घरी येतात. ज्याची वाट बघितली तो येतोच. आपल्या इकडे घरटी एक माणूस बाहेर. कोणी बोटीवर, कोणी गल्फला, कोणी मुंबईला. न कळवता कोणीतरी यावं, अंगणात उभं राहून हाक मारावी, असं कोणाला वाटत नाही? माझा नवरा तर आता येण्यासारख्या ठिकाणी नाही. तरी फाटक वाजलं की मी मान वळवते.

तर काम आलं तेव्हा चॅनलच्या रुचिराचा फोन आला. ती आमची क्लायंट. वयाने माझ्या भाचीएवढी. पण क्लायंट म्हणजे क्लायंट.

"ताई, त्या मदरचा आवाज थोडा कॅथलिक वाटू दे हं."

"म्हणजे कसा?"

"म्हणजे ते... 'काय मॅन' टाइप."

"रुचिरा, माझी एकही आई 'मॅन' म्हणणार नाही. दुसरीकडे दे हवं तर."

"अहो ताई, चिडता काय! तुम्ही बघा ना. ऑथेंटिक हवं एवढंच."

ऑथेंटिक म्हटल्यावर मला फिलोमिना टीचर आठवल्या. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे ख्रिस्ती वस्तीचं गाव आहे, तिथल्या. शाळेतून रिटायर झालेल्या. मागे एका मालिकेत प्रार्थनेचे शब्द बरोबर आहेत का, हे तपासायला मी त्यांना बोलावलं होतं. आवाज खालचा, जरासा खरखरीत, पण शब्द न् शब्द स्वच्छ. न ओरडता वर्ग गप्प करणाऱ्या बाईचा आवाज. मी विचारलं तेव्हा आधी हसल्या.

"मला काय येतंय त्यातलं?"

"वाचता येतं ना? बाकीचं मी शिकवते."

"आणि गावात कोणाला सांगायचं नाही. म्हाताऱ्या वयात टीचर सिनेमात गेली म्हणतील."

मी वचन दिलं. मुरूड-अलिबाग एसटीने टीचर यायला लागल्या. येताना डब्यात कधी तांदळाची बोरं, कधी सुकटीची चटणी.

आता आमच्या कामातली गोम सांगते. प, फ, ब, भ, म ही अक्षरं बोलताना ओठ मिटतात. बाकीच्यांना मिटत नाहीत. पडद्यावरच्या बाईचे ओठ मिटले आणि आपली बाई त्या क्षणी 'आ' वासून बोलली, तर बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे कळतं. म्हणून संवाद लिहिताना अर्थ नंतर, ओठ आधी. शिवाय आमचे आर्टिस्ट एकमेकांना भेटत नाहीत. प्रत्येकाचं रेकॉर्डिंग वेगळं. या सिनेमातल्या मुलीचा आवाज अंधेरीत आधीच होऊन आला होता. टीचर हेडफोनमध्ये तिचं वाक्य ऐकायच्या आणि समोर कोणी नसताना तिला उत्तर द्यायच्या.

पहिल्या दोन दिवसांत टीचरनी कमाल केली. स्वयंपाकघरातले सीन, नवऱ्याशी कुरबुर, शेजारणीशी गप्पा, सगळं सहज. नितेश तर खूश. "मॅडम, या बाईंना सांगावंच लागत न्हाय." त्याला घाई होती. गावी कापणी सुरू झालेली, आणि कापणीला नितेश नसला तर त्याचे वडील आम्हा दोघांचा उद्धार करतात.

मग आला फोनचा सीन. नारळ पडला तो हाच. मुलगी शहरातून फोन करते की काम आहे, या ख्रिसमसला येणार नाही. आई खिडकीपाशी उभी. कॅमेरा थेट तोंडावर. ती इंग्रजीत म्हणते, कम होम, बेबी, प्लीज. ओठ मिटतात, पुन्हा मिटतात, परत मिटतात. मी मराठीत लिहिलं होतं, 'आम्ही वाट बघतोय, बाळा.' ओठ जमत होते. नारळ पडून गेल्यावर पुढच्याच टेकला टीचरनी ते नीट म्हटलं आणि आम्ही पुढे गेलो.

दोन दिवसांनी क्यूसी रिपोर्ट आला. क्यूसी म्हणजे क्लायंटकडचा माणूस सगळं ऐकून चुका काढतो ते. त्यात या वाक्यावर लाल खूण.

मी रुचिराला फोन लावला. "काय झालं? लिप मॅच आहे की."

"लिप आहे ताई. पण ओरिजिनलमध्ये ती मुलीला ये म्हणते. आपली नुसती कळवते. पूर्ण सिनेमा त्या एका वाक्यावर आहे. आईने बोलावलं म्हणून ती येते ना?"

राग आला, पण पोरीचं बरोबर होतं. मी वाक्य बदललं. 'ये गं माझ्या बाळा, प्लीज ये.' टीचरना परत बोलावलं.

आणि तिथे गाडी अडली.

टीचरना ते वाक्य येईना. येईना म्हणजे शब्द येत होते. पण आवाज वर्गातला. हजेरी घेतल्यासारखा. एक टेक, दुसरा टेक. मी आत जाऊन बोलून दाखवलं. आमच्यात तशी पद्धत आहे, डायरेक्टर चाल लावून देतो आणि आर्टिस्ट ती उचलतो. टीचरनी उचलली नाही.

"टीचर, जरा मऊ. मुलीला बोलावताय."

"बोलावते आहे की."

"बोलावत नाही तुम्ही, टीचर. तुम्ही तिला फळ्यापाशी उभं करताय."

त्या हसल्या, पण उसनं. पुन्हा टेक. पुन्हा तेच. शेवटी त्यांनी हेडफोन काढून ठेवला. "हे प्लीज काय आहे मॅडम? कुठली आई मुलीला प्लीज म्हणते?"

"बरं, काढू प्लीज. मग काय म्हणेल?"

"काहीच म्हणणार नाही. आई बोलावत नाही. मुलीला कळतं."

"अहो, पण तिला नाही कळलं ना. म्हणून तर सिनेमा चाललाय."

"मग तिची चूक," टीचर म्हणाल्या. एवढ्या जोरात, की नितेशने काचेतून वर बघितलं.

मी ब्रेक घेतला. आदल्या संध्याकाळीच रुचिराचा मेसेज आला होता, जमत नसेल तर मदरचा आवाज बदलू, अंधेरीत एक आर्टिस्ट रेडी आहे. म्हणजे टीचरचं केलेलं सगळं काम पुसायचं. मला ते नको होतं. खरं सांगायचं तर त्या आवाजाचा मला लोभ सुटला होता.

पडवीत चहा घेतला. समुद्राकडून पर्यटकांच्या गाड्यांचा आणि कुठल्याशा डीजेचा धुमधडाका ऐकू येत होता. विषय हलका करावा म्हणून मी सिनेमाची टिंगल सुरू केली. "बघा ना टीचर, ही माणसं एक फोन करत नाहीत म्हणून आपल्याला काम मिळतं."

टीचर कपाकडे बघत म्हणाल्या, "फोन करतात हो. बोलत नाहीत."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी ग्रेसी आयर्लंडला नर्स आहे. एकुलती एक. टीचरचे यजमान वारले तेव्हा भर पावसाळा होता, शरीर ठेवता येत नव्हतं. ग्रेसी पोचेपर्यंत माती होऊन गेली असती. तिने फोनवर रडत रडत सांगितलं, मम्मी, मी निघते. त्यावर टीचर म्हणाल्या, "आता कशाला येतेस? झालं सगळं."

"का म्हणालात असं?"

"का म्हणजे? एवढ्या लांबून, एकटी, रडत रडत विमानात बसणार. नवीन नोकरी. मी म्हटलं पोरीला त्रास नको. सगळ्याच म्हणतात असं. तुम्ही नाही म्हणत? पाहुणा फळं घेऊन आला तरी आपण म्हणतो, कशाला आणलंत. म्हणून काय तो परत घेऊन जातो?"

"ग्रेसी घेऊन गेली."

"हो," टीचर म्हणाल्या. "ती नुसती 'बरं' म्हणाली. तेव्हापासून आली नाही. दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की फोन येतो. जेवलीस? गोळ्या घेतल्यास? तिकडे पाऊस आहे? मी पण विचारते, तिकडे पाऊस आहे? तिकडे रोजच असतो. फोन ठेवला की मी बाहेर येऊन बसते आणि मला इतकी आठवण येते की जेवण जात नाही. तिच्या वाटचे मासे मी अजून जास्तीचे घेते. सवय. मग मांजर खातं."

मी रडले. टीचर रडल्या नाहीत.

"तुम्ही तिला कधी 'ये' म्हणालात?" मी विचारलं.

"असं कोण म्हणतं?"

"ही बाई म्हणते की."

"ती गोरी आहे."

यावर आम्ही दोघी हसलो. खूप वेळ हसलो, आणि हसता हसताच टीचरचे डोळे भरले. पदराने पुसून म्हणाल्या, "चला. परत एकदा घेऊ या. नाही जमलं तर द्या त्या अंधेरीच्या बाईला."

आत गेल्यावर त्यांनी अट घातली. हेडफोनमधून मुलीचा आवाज काढून टाका. "ती फार गोड बोलते. माझी तशी बोलत नाही." नितेशने काढला. मागचं संगीतही काढायला लावलं. आता त्यांच्या कानात काही नव्हतं. मी बटण दाबून म्हटलं, "टीचर, वाक्य तुमच्या मनाने म्हणा. फक्त मध्ये कुठेतरी ओठ मिटू द्या."

पडद्यावर सीन सुरू झाला. आमच्या कामात डोळे पडद्यावर हवेत, ओठ बघूनच शब्द टाकायचा असतो. टीचरनी डोळे मिटून घेतले. मी थांबवणार होते. नितेशने माझा हात धरला.

गोऱ्या आईचे ओठ हलून बंद झाले. टीचर अजून गप्प. सीन संपत आला. आणि मग त्या बोलल्या.

"ये गं माझ्या बाळा. एकदाच, पण ये."

मला आवाज ओळखू आला नाही. इतके दिवस ऐकत होते तो हा नव्हताच. आत कुठेतरी घडी घालून ठेवलेला, कोणी न वापरलेला आवाज. त्यात रडणं नव्हतं. नुसतं मागणं होतं, निर्लज्ज, लहान पोर मागतं तसं. नितेशचे डोळे लाल झाले. त्याने स्क्रीनकडे बघत खाकरून सांगितलं, "मॅडम, ओठांवर न्हाय बसला. लय लेट हाय."

"मग?"

"मग काय, सरकवतो मी. रात गेली तरी चालंल. हा टेक मी सोडणार न्हाय."

त्याने सरकवला. शब्द कापून, अंतर कमी-जास्त करून ओठांवर बसवला. 'माझ्या', 'बाळा', 'पण', तिन्ही ठिकाणी ओठ बरोबर मिटले, हे नशीब म्हणायचं. रुचिराचा एका ओळीचा रिप्लाय आला. "ताई, अप्रूव्ह्ड. ऑफिसमध्ये सगळे रडले." नितेश कापणीला गेला.

टीचर मात्र रेकॉर्डिंगच्या त्या दिवशी एसटीला उभ्या असताना म्हणाल्या, "हे आयर्लंडला दिसेल का हो?"

"नाही. आपलं चॅनल इकडेच दिसतं."

"बरं झालं," म्हणाल्या, आणि बस येते का ते बघायला रस्त्याकडे वळल्या.

पुढच्या सोमवारी त्यांचा फोन आला. आवाजात धाप.

"मॅडम, मी तिला म्हटलं. ये म्हटलं."

"अगं बाई! मग?"

"मग काय, घाबरली ना ती! म्हणते मम्मी, तुला काय झालंय? डॉक्टर काय म्हणाले? खरं सांग. मी सांगते काही झालं नाही, तर तिचा विश्वास बसेना. अलिबागच्या तिच्या मैत्रिणीला पाठवलं माझं बीपी बघायला."

"आणि येते म्हणाली का?"

"नाताळात रजा नाही. ज्यांना लहान मुलं आहेत त्यांना आधी देतात. मार्चमध्ये बघते म्हणाली."

डिसेंबरात सिनेमा लागला. दुपारच्या वेळेला, मसाल्यांच्या आणि पाइपांच्या जाहिरातींमध्ये. टीचरनी बघितला नाही. त्यांच्या घरासमोर चांदणी लागली, मिडनाईट मासला त्या शेजारणीबरोबर गेल्या आणि नेहमीसारख्या एकट्या परत आल्या. सिनेमा असता तर मासहून परतताना दारात ग्रेसी असती. नव्हती. मी दुसऱ्या दिवशी केक घेऊन गेले तर टीचर आवराआवर करत होत्या. "मार्च कितीसा लांब आहे," असं मला समजावत होत्या, जसं काही मीच वाट बघत होते. बघत होतेच म्हणा.

ग्रेसी मार्चमध्ये आली. आली ती उपासकाळात. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस टीचरच्या घरी मटण-कोंबडी बंद असते, गोडधोड तर नाहीच. उन्हाने अंगण तापलेलं, पाण्याचा टँकर दिवसाआड, आणि टीचरनी भर उपासकाळात नाताळचे कुलकुल तळायला काढले. शेजारणीने वास घेत विचारलं तर म्हणाल्या, "माझं मी फादरना सांगेन." मला रविवारी जेवायला बोलावलं. मासे चालतात उपासकाळात, त्यामुळे मी निश्चिंत गेले.

ग्रेसी उंच, बारीक, आईसारखीच तुटक बोलणारी. दोघी एकमेकींशी अजून बेतानेच बोलत होत्या. पंखा वाढवू? नको. मीठ बरोबर आहे? आहे. जवळ होत्या, पण जवळ कसं बसायचं हे विसरल्यासारख्या.

जेवण झाल्यावर ग्रेसीने विचारलं, "आंटी, तुम्ही नक्की काम काय करता?"

मी सांगितलं, कुठल्या चॅनलसाठी तेही. डबिंग म्हटल्याबरोबर टीचरनी मला डोळ्यांनी दटावलं. ग्रेसीने टीव्हीवर चॅनलचं अॅप उघडलं आणि शोधून शोधून नेमका तोच सिनेमा लावला. मी म्हटलं, "अगं, तो फार रटाळ आहे."

"नाही आंटी, असलेच हवेत. आमच्या वॉर्डात डिसेंबरभर हेच चालू असतात. ख्रिसमसला ज्यांना घरी न्यायला कोणी येत नाही, ते म्हातारे लोक बघतात. आम्हाला माहीत असतं की सगळं खोटं आहे. तिकडे ख्रिसमसला बर्फ कसला, नुसता चिखल असतो. आणि कुठल्या नर्सला अशी सुट्टी मिळते? पण शेवटी ती दार उघडते ना, तेव्हा आम्ही सगळ्या नर्सेस ट्रे हातात घेऊन उभ्या असतो, रडत."

टीचर खालमानेने टेबलावरची ताटं गोळा करत होत्या.

फोनचा सीन आला. गोरी आई खिडकीपाशी. ये गं माझ्या बाळा. एकदाच, पण ये.

ग्रेसीने रिमोट खाली ठेवला. मग हसून म्हणाली, "हिचा आवाज कोणी दिलाय हो? काय मायेने बोलते. मला असं कोणी बोलावलं असतं तर मी पोहत आले असते."

टीचरच्या हातातली ताटं वाजली. त्या आत निघून गेल्या.

"कोण आहेत आंटी? मुंबईच्या?"

मी वचन दिलेलं होतं. मी म्हटलं, "नाही, आपल्या इकडच्याच एक बाई आहेत. पहिल्यांदाच केलं त्यांनी. परत कधी करणार नाही म्हणाल्या."

ग्रेसीने माझ्याकडे बघितलं. मग आतल्या दाराकडे. रिमोट घेऊन तिने सीन मागे नेला. पुन्हा ऐकला. तिसऱ्यांदा पडद्याकडे न बघता ऐकला, मान खाली घालून. तिच्या तोंडावरचं हसू कुठल्या कुठे गेलं. ती उठली आणि आत गेली. नळ वाहत होता तो बंद झाल्याचं मला ऐकू आलं.

मी बाहेर एकटीच बसून राहिले. सिनेमा चालूच होता. मुलगी गावाला निघाली, बेकरीवाला भेटला, कापसाचा बर्फ पडला. आतून बराच वेळ कोणी आलं नाही, आणि मी हाक मारली नाही.

आमच्या धंद्यात घरच्या माणसालाही आवाज ओळखू आला नाही तर काम फर्स्टक्लास झालं असं समजतात. पहिल्या खेपेला तरी तसं ते झालं होतं. नंतर मी टीचरना दोन रोल देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. पण तेव्हापासून माझ्याकडे नवीन आर्टिस्ट आला की मी त्याला एवढंच सांगते, घरी ज्या आवाजात तू कधीच बोलत नाहीस ना, तो आण. माइकवर तोच सगळ्यात चांगला लागतो.